जट (केस)

जट म्हणजे डोक्यावरील केस एकमेकांत गुंतून व घट्ट वळून तयार झालेला, कंगव्याने न सुटणारा दोर किंवा गोळा होय. महाराष्ट्रात या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे साधू-बैराग्यांनी व्रत म्हणून वाढविलेल्या जटा. दुसरी म्हणजे केसांत नकळत झालेला आणि देवीचा कौल समजून राखलेला गुंता. तिसरी म्हणजे शहरांतील केशकर्तनालयांत हौसेने करून घेतले जाणारे ‘ड्रेडलॉक्स’. तिन्हींची शारीरिक घडण जवळपास सारखीच असते. मात्र त्या धारण करण्यामागील इच्छा, राखण्याची पद्धत आणि व्यक्तीच्या आयुष्यावर होणारा परिणाम यांत मोठा फरक असतो. आपोआप झालेल्या जटेला हात लावावा की नाही, आणि लावायचा झाल्यास तो कोणी व कशा रीतीने लावावा, हा या विषयातील जुना वाद आहे. महाराष्ट्रात तो श्रद्धा, स्त्रियांचे आरोग्य आणि केशकर्तनाचा व्यवसाय या तिन्हींशी जोडलेला आहे.

संज्ञा

मराठीतील ‘जट’ हा शब्द संस्कृत ‘जटा’ या शब्दापासून आला आहे. साधूंच्या संदर्भात सामान्यतः ‘जटा’ हे अनेकवचनी रूप, तर देवीच्या संदर्भात ‘जट’ हे एकवचनी रूप वापरले जाते. ‘जट आली’, ‘जट धरली’, ‘देवीची जट’ असे प्रयोग रूढ आहेत. यांपैकी ‘जट आली’ या प्रयोगात जट ही बाहेरून येणारी, माणसाच्या हातात नसलेली गोष्ट असल्याचे गृहीत आहे. कन्नड भाषेत देवीच्या जटेला ‘जडे’ म्हणतात. आधुनिक वैद्यकात केसांच्या अशा गुंत्याला ‘प्लायका पोलोनिका’ किंवा ‘प्लायका न्यूरोपॅथिका’ अशी नावे आहेत. ‘ड्रेडलॉक्स’ हा शब्द जमैकातील रास्ताफारी पंथामुळे जगभर पोहोचला.

जट कशी तयार होते

केसाच्या बाहेरील आवरणावर घरावरील कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. त्यांची टोके केसाच्या शेंड्याच्या दिशेने असतात. केस एकमेकांवर घासले गेले की हे खवले परस्परांत अडकतात आणि एकदा अडकलेला केस सहजासहजी मागे सरकत नाही. लोकरीपासून नमदा तयार होतो तो याच क्रियेने. ओलावा, घर्षण आणि दाब यांमुळे ही क्रिया वेगाने होते.

माणसाच्या डोक्यावरून दररोज साधारणतः ५० ते १०० केस गळतात. केस नियमित विंचरल्यास ते कंगव्यात निघून येतात. न विंचरल्यास गळलेले केस जागच्या केसांतच अडकून राहतात आणि गुंत्याला भर घालतात. डोक्यावरील केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे जट मुळाशी वाढत राहते, तर गळलेल्या केसांमुळे ती जाड होत जाते. तेल, धूळ, कोंडा, घाम, साबणाचा न धुतला गेलेला अंश, उवा व लिखा यांमुळे गुंता घट्ट बसतो. दीर्घ आजारात अंथरुणाला खिळलेल्या व्यक्ती, मानसिक आजारामुळे स्वतःची निगा न राखू शकणाऱ्या व्यक्ती आणि लांब, दाट केस असलेल्या मुली यांच्यात जट अधिक सहजपणे होते. क्वचित प्रसंगी केस धुताना ते डोक्यावर गोळा करून जोराने चोळल्यामुळे एकाच वेळी मोठा गुंता झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अचानक ‘आलेली’ जट हा चमत्कार वाटण्यामागे हे एक कारण आहे.

केसांच्या प्रकारानुसार जट होण्याचा वेग बदलतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे घट्ट कुरळे केस तुलनेने लवकर वळतात. भारतीयांचे सरळ किंवा लाटदार केस समान जाडीच्या जटांत वळण्यास बराच काळ लागतो आणि हात न लावल्यास ते बहुधा वेड्यावाकड्या, सपाट पट्ट्यांच्या किंवा एका मोठ्या गोळ्याच्या रूपात गुंततात.

धार्मिक परंपरा

हिंदू परंपरेत जटा हे वैराग्याचे आणि तपश्चर्येचे चिन्ह मानले जाते. शंकराच्या जटांत गंगा धारण केल्याची कथा सर्वपरिचित आहे. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरी पर्वतावर शंकराने आपल्या जटा आपटून गोदावरी प्रकट केली, अशी आख्यायिका असून तेथे जटा मंदिर आहे. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथे बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थ कुंभमेळ्यात जटाधारी साधू मोठ्या संख्येने येतात. साधूच्या जटा हा त्याने दीक्षेबरोबर स्वीकारलेल्या जीवनाचा भाग असतो. तो त्या राखेने किंवा भस्माने माखतो, बांधतो आणि स्वतःच्या पंथाच्या नियमांनुसार सांभाळतो.

देवीची जट ही परंपरा याहून वेगळी आहे. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात ती मुख्यतः यल्लम्मा किंवा रेणुका या देवीशी जोडलेली आहे. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्ती येथील यल्लम्माचे देवस्थान हे या परंपरेचे प्रमुख केंद्र होय. मुलीच्या किंवा स्त्रीच्या केसांत गुंता दिसला की देवीने तिला आपल्याकडे बोलावले आहे, असा अर्थ लावला जाई. अशा मुलीला देवीला ‘सोडले’ जाई. म्हणजेच देवीशी तिचे लग्न लावून तिला जोगतीण किंवा देवदासी केले जाई. जटेला हळद-कुंकू वाहणे, भंडारा लावणे, ती विंचरू किंवा कापू न देणे हे आचार त्यातून आले. जट कापल्यास देवीचा कोप होतो, घरात मृत्यू ओढवतो, दृष्टी जाते किंवा कापताना रक्त येते, अशा समजुती अनेक ठिकाणी आढळतात.

देवदासी प्रथेला आळा घालणारा पहिला कायदा मुंबई प्रांतात १९३४ साली झाला. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ च्या अधिनियमाद्वारे ही प्रथा बेकायदेशीर ठरविली. मुली सोडण्याची प्रथा कायद्याने बंद झाली, तरी जट राखण्याची समजूत स्वतंत्रपणे टिकून राहिली. देवदासी परंपरेशी संबंध नसलेल्या कुटुंबांतील विवाहित स्त्रिया, वृद्धा आणि शाळकरी मुली यांच्या डोक्यावरही भीतीपोटी जट राखलेली आढळते.

आरोग्यावरील परिणाम

केस हा मृत तंतू असल्यामुळे तो कापताना वेदना होत नाहीत किंवा रक्त येत नाही. मात्र जट ज्या त्वचेवर उभी असते ती त्वचा जिवंत असते आणि तिच्यावर अनेक परिणाम होतात. दाट जट आतून लवकर वाळत नाही. त्यामुळे दुर्गंधी येते, बुरशीचा संसर्ग होतो आणि उवा वाढतात. सतत खाजविल्याने जखमा होऊन त्यांत पू होऊ शकतो. जटेच्या वजनामुळे मान, खांदे व डोके दुखते आणि कुशीवर झोपणेही अवघड होते. मुळांवर सतत ताण पडल्यास त्या भागातील केस कायमचे जाण्याचा धोका असतो. याला ताणजन्य टक्कल म्हणतात.

शारीरिक त्रासाबरोबर सामाजिक त्रासही असतो. जट असलेल्या मुलीला वर्गात वेगळे बसावे लागणे, तिची शाळा सुटणे, तिच्या लग्नाला अडचण येणे आणि जट असलेल्या स्त्रीला पाळावे लागणारे सोवळे-ओवळे यांचा त्यात समावेश होतो. एकाच स्त्रीला काही प्रसंगी पूजनीय, तर इतर वेळी दूर ठेवण्याजोगी मानले जाते.

युरोपातील समांतर उदाहरण

जटेविषयीची भीती ही केवळ भारतातील गोष्ट नाही. पोलंड व आसपासच्या प्रदेशांत अनेक शतके केसांच्या गुंत्याला ‘कोल्तून’ म्हणत. शरीरातील रोग या गुंत्यावाटे बाहेर पडतो आणि तो कापल्यास रोग आत परतून माणूस आंधळा किंवा वेडा होतो, अशी तेथील समजूत होती. ‘प्लायका पोलोनिका’ हे वैद्यकीय नावही त्यावरूनच पडले. एकोणिसाव्या शतकात क्राकोव्ह येथील वैद्यकाचे प्राध्यापक आणि पुढे त्या शहराचे महापौर झालेले योझेफ डिट्ल यांनी हा रोग नसून अस्वच्छतेचा परिणाम आहे, असे प्रतिपादन करून त्याविरुद्ध मोहीम चालविली. पुढे ही प्रथा नाहीशी होत गेली.

महाराष्ट्रातील जट निर्मूलन

देवदासी प्रथेविरुद्धच्या चळवळीत कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज परिसर आणि सीमाभागातील निपाणी येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संघटित काम झाले. जटेच्या प्रश्नाकडे या चळवळीचा एक भाग म्हणून पाहिले गेले.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जट निर्मूलन हा आपल्या कार्यक्रमाचा भाग केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य शासनाने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने त्याचा कायदा संमत केला. केसांत जट असणे किंवा ती स्वेच्छेने राखणे हा या कायद्याखाली गुन्हा नाही. त्यामुळे जट काढण्याचे काम मुख्यतः समजुतीच्या मार्गानेच चालते.

या कामात समितीच्या पुणे येथील कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांचे नाव विशेषत्वाने घेतले जाते. व्यवसायाने ब्यूटिशियन असलेल्या जाधव यांनी पुणे जिल्ह्यात व राज्याच्या इतर भागांत दोनशेहून अधिक स्त्रियांच्या जटा काढल्या आहेत. केस हाताळण्याचे व्यावसायिक कौशल्य आणि समुपदेशन यांचा संयोग हे या कामाचे वैशिष्ट्य होय. जट असलेल्या स्त्रीचे आणि तिच्या घरच्यांचे मन वळविण्यासाठी अनेकदा एकाहून अधिक भेटी द्याव्या लागतात. प्रत्यक्ष कापण्याचे काम त्यामानाने थोड्या वेळाचे असते.

कापण्याची पद्धत

जट नवी व सैल असल्यास ती न कापता सोडविता येते. भरपूर तेल किंवा कंडिशनर लावून शेंड्याकडून मुळाकडे, बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने थोडे थोडे केस मोकळे केले जातात. जुनी व दगडासारखी घट्ट झालेली जट कापावीच लागते. प्रथम जटेखालील त्वचा तपासली जाते. जखमा किंवा संसर्ग असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेतला जातो. जट आणि त्वचा यांच्यामध्ये बोट किंवा कंगवा ठेवून, त्वचेपासून थोडे अंतर राखून कात्री चालविली जाते. शक्य तेथे मुळाशी वाढलेले मोकळे केस राखले जातात, जेणेकरून स्त्रीला संपूर्ण मुंडन करावे लागू नये. पुष्कळ स्त्रियांना मुंडनाची भीती देवीच्या कोपाइतकीच वाटत असल्याने ही बाब महत्त्वाची ठरते. कापलेली जट घरी ठेवण्याची, देवळात वाहण्याची किंवा नदीत सोडण्याची इच्छा काही कुटुंबे व्यक्त करतात.

स्त्रीचे केस आणि केशकर्तनाचा व्यवसाय

स्त्रीच्या केसांविषयी सामाजिक निर्णयात केस कापणाऱ्या व्यावसायिकांनी भूमिका घेतल्याचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८९० सालचे आहे. त्या वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा झाली आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार तिच्यात व्यक्त झाला. या विचारामागे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीची प्रेरणा होती.

याच काळात पंडिता रमाबाई यांनी विधवांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी केशवपनाच्या प्रथेचे वर्णन केले. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदा सदन पुढे पुण्यात आले. दौंड तालुक्यातील केडगाव येथे त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये १८९६ नंतरच्या दुष्काळांत शेकडो निराधार मुली व स्त्रियांना आसरा मिळाला. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच रमाबाईंचे निधन झाले.

केशवपन आणि जट या दोन प्रथा वरवर परस्परविरुद्ध आहेत. एकीत स्त्रीचे केस सक्तीने काढले जात, तर दुसरीत ते काढण्यास मज्जाव असतो. मात्र दोहोंत स्वतःच्या केसांचा निर्णय त्या स्त्रीच्या हाती राहत नाही, हे साम्य आहे. नाभिकांनी केस कापण्यास दिलेला नकार आणि आजच्या काळात जट कापण्यासाठी घेतलेली कात्री या दोन्ही कृतींकडे या दृष्टीने एकाच परंपरेचा भाग म्हणून पाहता येते.

हौसेच्या जटा आणि व्यावसायिक केशरचनाकार

जमैकात १९३० च्या दशकात उदयास आलेल्या रास्ताफारी पंथातील अनुयायांनी पुढे जटा हे श्रद्धेचे व स्वाभिमानाचे चिन्ह म्हणून स्वीकारले. गायक बॉब मार्ली यांच्यामुळे १९७० च्या दशकात त्या जगभर परिचित झाल्या. १८४५ पासून जमैकात गेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांच्या साधू परंपरेचा यावर प्रभाव असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. बायबलमधील नाजीर व्रतधारकांचे केस न कापण्याचे व्रत आणि आफ्रिकेतील परंपरा ही अन्य कारणे सांगितली जातात. गोव्याच्या किनाऱ्यांवर आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अशा जटा करून देणारे व्यावसायिक आढळतात.

जटा करण्याच्या प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

• केसांचे चौकोनी भाग पाडून कंगवा शेंड्याकडून मुळाकडे उलटा फिरविणे.
• केसांच्या बटा बोटांनी किंवा कंगव्याच्या टोकाने पिळणे.
• क्रोशाच्या सुईने सुटे केस जटेच्या आत ओढून घेणे.
• जटेचे टोक मुळाजवळच्या केसांतून ओवून गाठीसारखे आवळणे.
• काहीही न करता केवळ धुणे आणि केस आपोआप वळू देणे. या पद्धतीच्या जटांना नैसर्गिक जटा म्हटले जाते.

व्यावसायिक मदतीचे फायदे

जाणकार व्यावसायिक शेजारच्या जटा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून त्या वेळोवेळी मुळाशी वेगळ्या करतो. असे न केल्यास अनेक जटांचा मिळून एक जड गोळा होतो. मागच्या बाजूची त्वचा स्वतःला दिसत नसल्याने तेथील कोंडा, बुरशी, उवा किंवा विरळ होत चाललेले केस प्रथम त्याच्याच लक्षात येतात. जटा पूर्ण धुणे, त्यांतील साबण काढणे आणि त्या आतपर्यंत वाळविणे ही कामे नीट झाली, तर देवीच्या जटेत दिसणारे बहुतेक त्वचाविकार टाळता येतात. सरळ केसांच्या बाबतीत समान जटा हव्या असल्यास सुरुवातीला मदत जवळपास अपरिहार्य ठरते.

तोटे व आक्षेप

नैसर्गिक जटांच्या पुरस्कर्त्यांच्या मते व्यावसायिकांचा वारंवार होणारा हस्तक्षेपच जटांना दुबळे करतो. या आक्षेपात तथ्य असलेले मुद्दे असे आहेत. मुळाशी वारंवार व घट्ट पिळल्याने किंवा आवळल्याने ताणजन्य टक्कल पडू शकते. विशेषतः कपाळाच्या कडेचे व कानशिलांवरचे केस आधी जातात. क्रोशाच्या सुईने काम लवकर व नीटनेटके दिसते, पण ती निष्काळजीपणे वापरल्यास आतील केस तुटतात आणि जट कालांतराने पोकळ होते. जटा बसाव्यात म्हणून लावलेले मेण पाण्याने निघत नाही. त्यावर धूळ चिकटते व ओलावा आत कोंडतो. नवी जट फार लवकर ‘पक्की’ दिसावी या ग्राहकाच्या अपेक्षेपोटी अशा पद्धतींना प्रोत्साहन मिळते.

दुसरीकडे, ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी असेही नाही. देवीची जट ही हात न लावलेल्या जटेचेच उदाहरण आहे आणि तिचे परिणाम वर आले आहेत. त्यामुळे जट हाताने केलेली आहे की आपोआप झालेली, यापेक्षा ती नियमित धुतली व वाळविली जाते का, मुळांवर ताण किती पडतो आणि नको झाल्यास ती काढून टाकण्याची मोकळीक आहे का, या बाबी अधिक निर्णायक ठरतात. मुळाशी वेदना, पुरळ किंवा लालसरपणा ही ताण अधिक झाल्याची लक्षणे आहेत. या अवस्थेत ताण कमी केल्यास केस परत येऊ शकतात. ताण दीर्घकाळ राहिल्यास केशमुळे कायमची नष्ट होतात.

मतभेद

जट निर्मूलनाच्या पद्धतींवर अभ्यासकांत मतभेद आहेत. गणनाथ ओबेसेकरे यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेड्युसाज हेअर’ या ग्रंथात श्रीलंकेतील कतरगाम येथील जटाधारी स्त्रियांचा अभ्यास केला. या स्त्रियांसाठी जट हे दैवताशी असलेल्या नात्याचे वैयक्तिक प्रतीक असल्याचे त्यांनी मांडले. लुसिंडा रॅम्बर्ग यांनी उत्तर कर्नाटकातील यल्लम्माच्या जोगतिणींच्या अभ्यासात सुधारकांकडून होणाऱ्या जट कापण्याच्या मोहिमांची चिकित्सा केली. अशा मोहिमांत जटेकडे केवळ घाण म्हणून पाहिले जाते आणि त्या स्त्रियांचे स्वतःचे म्हणणे मागे पडते, असा त्यांचा आक्षेप आहे.

निर्मूलनाच्या बाजूने असे सांगितले जाते की, भीतीपोटी राखलेल्या जटेला स्वेच्छा म्हणता येत नाही. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तर निर्णय पालकांचा व समाजाचा असतो. मात्र संमतीशिवाय कापलेली जट पुन्हा वाढू दिली जाण्याचा धोका असतो आणि त्यानंतर घरात आलेल्या कोणत्याही संकटाचा दोष त्या स्त्रीवर येतो. जट कापल्यानंतरही कार्यकर्त्यांनी त्या कुटुंबाच्या संपर्कात राहणे यामुळेच आवश्यक ठरते.

जटांवरील बंदीचा प्रश्न काही देशांत भेदभावाच्या अंगाने पुढे आला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये ‘क्राउन’ कायदा करून नोकरी व शाळा यांमध्ये जटांसारख्या केशरचनांवरून होणाऱ्या भेदभावास मनाई केली. तेथे जट राखण्याचा हक्क हा प्रश्न आहे, तर महाराष्ट्रातील अनेक स्त्रियांच्या बाबतीत ती काढण्याचा हक्क हा प्रश्न आहे.

साहित्य व चित्रपट

राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत सीमाभागातील जोगतिणी व जोगत्यांचे जीवन आले आहे. उत्तम बंडू तुपे यांची ‘झुलवा’ ही कादंबरी याच विषयावर असून तिच्यावर आधारित नाटक वामन केंद्रे यांनी दिग्दर्शित केले. गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारित, राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील सुली या नायिकेच्या केसांत जट आढळल्यामुळे तिला देवीला सोडले जाते. मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये यांच्या प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटास सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या चित्रपटामुळे जटेचा प्रश्न शहरी प्रेक्षकांपर्यंत पोहोचला.

हे सुद्धा पहा

• देवदासी
• यल्लम्मा
• केशवपन
• पंडिता रमाबाई
• महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती
• रास्ताफारी